यादीतले अकरावे नाव

आमच्या भाचीचे लग्न येत्या जूनमध्ये बर्मिंगहॅमला आहे. आमचा भाऊ तिकडे स्थायिक झाला त्याला तीस वर्षे झाली; भाची तिथेच जन्मली आणि वाढली. लग्नाच्या दोन आठवडे आधी तिच्या मैत्रिणी तिला शनिवार-रविवार ब्रिस्टल या जुन्या बंदराच्या शहरी घेऊन जाणार आहेत. लग्नाआधी बायकाबायकांतच होणाऱ्या या सोहळ्याला तिकडे ‘हेन पार्टी’ म्हणतात. हेन म्हणजे कोंबडी, हे कळल्यावर वडोदऱ्यात आमच्या घरी जो हशा पिकला त्याचे वर्णन नको. हे केळवणाचेच विलायती भावंड, फक्त यात सारा भार मैत्रिणींनी उचलायचा, असे आम्ही दोघी बहिणींनी मनाशी ठरवून टाकले.

नवरीची एक इंग्रज मैत्रीण या साऱ्याची सूत्रधार. आपल्याकडची करवलीच म्हणा. तिने आम्हा आत्यांनाही बेतात ओढले आणि एक यादी धाडली. अकरा नावे, कोण कुठल्या खोलीत निजणार, कोणाला मांसाहार चालत नाही, कोणाचा वाटा किती. नवरीचा खर्च बाकीच्या दहा जणींनी वाटून घ्यायचा, ही तिकडची रीत आम्हाला फार आवडली. राहायला घर मिळवणे मात्र सोपे नव्हते. अशा मेळाव्यांचा गोंगाट फार, म्हणून एका घरमालकाने आधी नकारच दिला. बरोबर साठी ओलांडलेल्या तीन आत्या आहेत, हे कळताच तो विरघळला. आमच्या वयाचा असा उपयोग प्रथमच झाला.

मग आम्ही वाचनाला लागलो. ब्रिस्टलच्या एव्हन नदीला प्रचंड भरती-ओहोटी; पूर्वी ओहोटी लागली की जहाजे चिखलात बसत. म्हणून 1809 मध्ये दरवाजे बसवून बंदरातले पाणी अडवण्यात आले. आज त्या स्थिर पाण्यात छोट्या होड्या फिरतात. शनिवारची दुपार तिथे घालवायची ठरली. काठावरच ‘ग्रेट ब्रिटन’ हे ब्रुनेलचे लोखंडी जहाज आहे. 1843 मध्ये ते ज्या गोदीत बांधले गेले, तिथेच 1970 मध्ये ते फॉकलंड बेटांहून परत आणले. तिकडे ते कित्येक वर्षे निकामी म्हणून टाकून दिलेले होते. क्लिफ्टनचा झुलता पूलही ब्रुनेलच्याच आराखड्यातून आलेला. तो खुला झाला 1864 मध्ये, ब्रुनेलच्या मृत्यूनंतर. सारे काही जुळत आले होते. अडले ते अकराव्या नावापाशी.

अकरावे नाव आमच्या ताईचे. मेहुणे जाऊन नऊ वर्षे झाली. “शुभकार्याच्या आधीच्या गोष्टी त्या, माझे नाव काढा,” ती म्हणाली. आम्ही फारसा आग्रह केला नाही. खरे सांगायचे तर केलाच नाही. ताईच्या मुलाच्या लग्नात देवकाला दीर-जाऊ बसले, हळद लावायला पाच सुवासिनी आल्या आणि त्या पाचांत आम्ही दोघी होतो. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होती. तिला पुढे ये म्हणायचे धैर्य आम्हाला झाले नाही, आणि तेव्हा त्याची खंतही वाटली नाही. रीत आहे, एवढे आम्हाला पुरे होते.

आम्ही त्या मुलीला कळवले, की मोठ्या आत्या येणार नाहीत. तिने साधेपणाने विचारले, का? प्रकृती बरी नाही का? खोली तळमजल्यावर घेऊ का? आम्ही उत्तर लिहायला बसलो. मराठीत जे कधी बोलावेही लागले नव्हते ते इंग्रजीत लिहायचे होते. “तिचे यजमान वारले आहेत, म्हणून” इथवर लिहून झाले. त्या ‘म्हणून’च्या पुढे काय लिहावे, ते आम्हा दोघी शिकल्यासवरल्या बायकांना सुचेना. तो मजकूर आम्ही पुसून टाकला आणि ताईच्या घरी गेलो.

काय बोललो ते इथे लिहीत नाही. ताई बराच वेळ गप्प होती. तिने तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. शेवटी म्हणाली, “राममोहन रॉय ब्रिस्टललाच वारले ना?”

होय. सती प्रथेविरुद्ध त्यांनी दिलेल्या लढ्यानंतर 1829 मध्ये बंदीचा कायदा झाला. 1833 च्या सप्टेंबरात त्यांनी ब्रिस्टलला देह ठेवला. दहा वर्षांनी त्यांचे अवशेष आर्नोज व्हेल दफनभूमीत हलवण्यात आले आणि द्वारकानाथ टागोरांनी त्यावर छत्री उभारली. “मी आले तर ती छत्री पाहीन,” ताई म्हणाली. आम्ही पुन्हा चपापलो: लग्नाआधी दफनभूमी? सवय अशी सुटत नाही. भाचीने मात्र काही न विचारता रविवार सकाळ त्यासाठी राखून ठेवली.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवांविषयीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव 2022 मध्ये केला. ती बातमी आम्ही मोठ्या कौतुकाने वाचली होती, आणि चहा पिऊन वर्तमानपत्र बाजूला ठेवले होते. एका खेड्याने जे ठराव करून केले, ते आम्हाला स्वतःच्या घरात एका परक्या मुलीने ‘का’ विचारीपर्यंत सुचले नाही.

जूनमध्ये भाचीला पहिली हळद ताईने लावावी, असे आम्ही भावाला कळवले आहे. ताईने त्याला अजून होकार दिलेला नाही. ब्रिस्टलच्या यादीतले तिचे नाव मात्र कायम आहे, आणि आपल्या वाट्याचे पैसे तिने सर्वांच्या आधी पाठवले आहेत.