नाही, आणि आता नाही

विदर्भाविषयीच्या जुन्या मराठी लेखांचे दुवे आम्ही एका वहीत टिपून ठेवतो आणि अधूनमधून ते उघडतात की नाही हे तपासतो. त्या निमित्ताने सर्व्हरच्या तीन अंकी उत्तरांशी परिचय वाढला. पहिला अंक कुळी सांगतो : २ म्हणजे मागितले ते मिळाले, ३ म्हणजे पत्ता बदलला, ४ म्हणजे मागणाऱ्याची चूक, ५ म्हणजे देणाऱ्याच्या घरी गोंधळ. खरी गंमत एकाच कुळातल्या भावंडांची आहे.

३०१ आणि ३०२ यांतला भेद नागपूरकरांस फोड करून सांगावा लागू नये. नागपूर विद्यापीठ २००५ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचे झाले. जुन्या नावाने विचारणाऱ्यास नव्याकडे धाडायचे आणि यापुढे हेच लक्षात ठेवा असे बजावायचे, हे ३०१. ३०२ म्हणजे आमचे हिवाळी अधिवेशन. १९५३च्या नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन दरवर्षी येथे भरायचे. डिसेंबरात मंत्री आणि फायली सिव्हिल लाइन्समध्ये दाखल होतात, कायमचा पत्ता मात्र मुंबईच. म्हणून ३०२ मिळालेला ब्राउझर पुढच्या खेपेसही सहसा मूळ पत्त्यावरच चौकशी करतो. त्यात शहाणपण आहे. २०२० आणि २०२१ची हिवाळी अधिवेशने मुंबईतच झाली. (३०२ म्हटले की अनेकांना खुनाचे कलम आठवते. जुलै २०२४ पासून तेही १०३ क्रमांकावर गेले. ते स्थलांतर मात्र ३०१च्या जातीचे.)

आमच्या वहीला छळतो तो ४०४. सापडत नाही, एवढेच तो म्हणतो. लेख कधी होता का, पुन्हा येईल का, याविषयी अवाक्षर नाही. शिवाय कुळी ४ची, म्हणजे लेख हटवला त्यांनी आणि दोष बरोबर पत्ता घेऊन आलेल्या वाचकाच्या पदरी! याच कुळातला ४१० अधिक सभ्य आहे : होते, आता नाही, परत येण्याची आशा धरू नका. १९९७च्या नियमावलीपासून तो उपलब्ध आहे, तरी आमच्या वहीतला एकही मृत दुवा तो उच्चारत नाही. कारण उघड आहे. ४१० म्हणण्यासाठी लेख गेल्यावरही कुणीतरी दारात थांबावे लागते. जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाले तेव्हा तिथल्या हौशी पानांसाठी कोण थांबणार? संकेतस्थळाच्या नावाचे नूतनीकरणच राहून गेले, तर ४०४ म्हणायलाही कुणी उरत नाही.

तरीही आम्हांला ४०४पेक्षा राग येतो तो खोट्या २००चा. लेख नाहीसा झालेला असतो, परंतु सर्व्हर त्याच पत्त्यावर मुखपृष्ठ पुढे करतो आणि सर्व ठीक असल्याचे कळवतो. माणसाला निदान फसवणूक दिसते. दुवे तपासणाऱ्या यंत्राला ती दिसत नाही, आणि यादीत मेलेला लेख जिवंत म्हणून नोंदला जातो. आम्ही म्हणूनच प्रत्येक पान डोळ्यांनी पाहतो.

याउलट काही २०० अगदी खरे असतात, पण वाचता येत नाहीत. युनिकोडपूर्व काळातले ते लेख शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये लिहिलेले; फॉन्ट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच दिसतो. सर्व्हरने आपले काम चोख केलेले असते. अशा नोंदींपुढे आम्ही २०० लिहितो आणि शेजारी फॉन्टचे नाव.