डाव्या सीटवरचे तात्या

मला गाडी चालवता येते ती राई गावातल्या तात्यांमुळे. लायसन ठाण्याच्या आरटीओने दिलं, गाडी बँकेच्या कर्जावर आली. ते कर्ज कधीच फिटलं. तात्यांचं फिटणार नाही.

उत्तनची मासळी पहाटेच्या आत मुंबईच्या बाजारात पोचवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. टेम्पो सोडल्यावर ते शेजारच्या सुनेला, म्हणजे मला, शिकवायला डाव्या सीटवर बसले. फीचं नाव काढू दिलं नाही.

भाईंदर पश्चिमेहून उत्तनला जाणारा रस्ता मुर्धे, राई, मोर्वे या गावांच्या मधून जातो. काही घरांत ओट्यावरून पाय खाली टाकला की थेट रस्ता. त्यावरून बस, रिक्षा, मासळीचे टेम्पो, शाळेची पोरं, आणि रविवारी गोराईच्या किनाऱ्याला नाहीतर उत्तनच्या वेलंकनी मातेच्या दर्शनाला निघालेल्या गाड्या. पाहुण्या गाड्यांना हा रस्ता उत्तनपर्यंतचा अडथळा वाटतो. तात्यांच्या लेखी ते गावाचं अंगण होतं, आणि अंगणातून जाताना घरच्यांचा मान राखायचा असतो.

एकदा पुढे डोक्यावर पाटी घेतलेली मावशी चालली होती. मी हॉर्न दिला.

“पोरी, हॉर्न कनाला मारतस? पाटी हाय डोक्यावर. मान नाय वलवता येत तिला, आख्खी वलंल ती. मंग येल कुठं? तुज्याच पुढ्यात.”

हे कुठल्या पुस्तकात लिहिलं असेल? आम्ही तिच्या मागे पहिल्या गिअरवर, हाफ क्लचवर चालत राहिलो. ती आपणहून कडेला झाली, तेव्हा तात्यांनी खिडकीतून हात जोडले.

त्यांचं शिकवणं सगळं असं, माणसाच्या अंगाकडे बघून. उभ्या बसच्या पलीकडचं दिसत नसलं तरी तिच्या खालून पाय दिसतात, ते आधी बघायचे. दार डाव्या हाताने उघडायचं. मग खांदा वळतो, मागची सायकल नजरेत येते. मिठागरांच्या बाजूला रात्री अंधार असतो. तिथे डिपर गाडीवाल्यासारखाच सायकलवाल्यालाही द्यायचा. गावात ३० च्या वर काटा नको. त्या वेगालाही गाडी सेकंदाला आठ मीटरच्या वर सरकते. तात्या मीटरची भाषा बोलत नसत. “बिरेकवर पाय जायच्या आदी दोन घरं गेली,” एवढंच म्हणायचे.

मुंबई मेट्रो ९ ची कारशेड आधी इथेच, राई-मुर्धे-मोर्वे पट्ट्यात ठरली होती. घरं, शेतं जातील म्हणून गावकऱ्यांनी विरोध केला, पुढे ती उत्तनजवळच्या डोंगरीकडे नेली. तेव्हा तात्या मला म्हणाले होते, घरं आधीची, रस्ता नंतरचा. मला ते कायद्याहून खरं वाटतं. ॲम्ब्युलन्सला वाट दिली नाही तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर १० हजारांचा दंड आहे. पाटीवालीला वाट न देणाऱ्याला कोणी पकडत नाही.

तात्या गेले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी त्यांना नेलं होतं, त्याला त्यांनी उपकार म्हटलं, आणि मला फार वाईट वाटलं.

आता त्यांच्या नातवाचं लर्निंग लायसन आलंय. पक्क्या लायसनच्या परीक्षेला निदान ३० दिवस थांबावं लागतं. तोवर सकाळची टेम्पोंची गर्दी ओसरली की आम्ही निघतो. तो चालवतो, मी डावीकडे बसते. काल त्याने ब्रेक लावला तेव्हा मी विचारलं, “किती घरं गेली?” तो म्हणाला, “एक.” मी त्याला परत फिरवायला लावलं.