दुसऱ्याच्या जाळ्यातली भाषा

पोर्शिया हा उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळातला. आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या उष्ण प्रदेशांत राहणारा. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर. अंगावरच्या केसांच्या झुबक्यांमुळे तो जाळ्यात अडकलेला पाचोळाच वाटावा. त्याचे आवडते भक्ष्य म्हणजे इतर कोळी.

जाळे विणणाऱ्या कोळ्याची नजर बहुधा अधू असते. त्याचे जग तंतूंच्या कंपनांतून त्याच्यापर्यंत पोचते. पोर्शिया परक्या जाळ्याच्या कडेला येतो आणि पायांनी तंतू छेडू लागतो. एक लय, मग दुसरी, मग तिसरी. जिला घरधनी प्रतिसाद देईल, तीच तो पुन्हा पुन्हा छेडतो. प्रतिसाद थांबला, की नवी शोधतो. रॉबर्ट जॅक्सन आणि स्टिम्सन विल्कॉक्स यांनी १९९३ साली हे निरीक्षण प्रसिद्ध केले.

फिलिपिन्समधील लॉस बान्योसच्या पोर्शियाची कथा याहून अस्वस्थ करणारी आहे. तिथला एक कोळी चिकट द्रव थुंकून शत्रूला जखडून टाकतो. म्हणून पोर्शिया लांबचा वळसा घेऊन त्याच्या पाठीमागून येतो. परंतु समोरच्या मादीने तोंडात अंडी धरली असतील, तर तो वळसा टाळून सरळ पुढूनच जातो. थुंकायचे तर तिला आधी अंडी सोडावी लागतात, आणि ती सहजासहजी सोडत नाही. तिचे मातृत्व हेच तिचे मर्मस्थान ठरते.

याला कपट म्हणावे काय? तो शब्द आपला. कोळ्याला केवळ भूक आहे. तथापि भाषेच्या अध्यापकांना हा प्रश्न इतक्या सहजपणे झटकता येत नाही. दुसऱ्याची भाषा शिकणे म्हणजे दुसऱ्याच्या जवळ जाणे, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगत आलो आहोत, आणि ते खरेही आहे. मात्र भक्ष्याच्या जवळ जाणारा शिकारीही उत्तम श्रोता असतो. जाहिरातदार आणि प्रचारक आपल्या मनाचे तंतू असेच छेडून पाहतात. कोणत्या लयीला आपण हललो, हे त्यांच्या ध्यानात राहते.

भाषा अवगत होणे ही केवळ जवळ पोचण्याची शक्ती आहे. पोचल्यावर काय करायचे, हे व्याकरण शिकवत नाही. कलाकृतीचे मर्मस्थान अचूक हेरणाऱ्या समीक्षकालाही, तेथवर पोचल्यानंतर, आपण ऐकायला आलो की खायला, हे स्वतःच ठरवावे लागते.