नाव बदलून पाहावं

आमच्या विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात वार्षिक गुणगौरव समारंभ जवळ आला की कुणीतरी दारातून डोकावतं आणि विचारतं, "मॅडम, मानपत्रांचं तुम्ही बघताय ना?" बघते. हे काम माझ्याकडे आलं ते अक्षर बरं होतं म्हणून. तेव्हा मानपत्र हातानं लिहून फ्रेममध्ये घालत. आता मजकूर डीटीपीवाल्याकडे जातो आणि अ‍ॅक्रिलिकवर छापून येतो. अक्षराची गरज संपली, काम तेवढं राहिलं.

मानपत्राची एक खास मराठी असते. ज्ञानतपस्वी, विद्याविभूषित, व्रतस्थ, ऋषितुल्य, अष्टपैलू आणि काहीच सुचलं नाही तर हसतमुख. शब्द भारदस्त आहेत, पण इतके सैल शिवलेले की कुणाच्याही अंगाला बसावेत. म्हणून माझी एक कसोटी आहे. मजकूर लिहून झाला की वरचं नाव खोडायचं, विभागातल्या दुसऱ्याच कुणाचं नाव तिथे घालायचं आणि पुन्हा वाचायचं. मानपत्र तसंच्या तसं चाललं तर कागद फाडायचा.

खरं तर नेमकं बोलायची सवय आमच्याइतकी कुणाला असायला हवी? बी.एड.च्या छात्राध्यापकांना आम्ही सूक्ष्म अध्यापन शिकवतो. ही पद्धत 1963 च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाली. एनसीईआरटीनं आपल्याकडे बसवलेलं तिचं चक्र 36 मिनिटांचं आहे: सहा मिनिटं पाठ, सहा प्रत्याभरण, बारा पुनर्नियोजन, मग पुन्हा सहा पाठ आणि सहा प्रत्याभरण. त्या सहा मिनिटांत एकच कौशल्य घ्यायचं. प्रश्न विचारणं, नाहीतर फलकलेखन, नाहीतर उदाहरणं देणं. निरीक्षण करणाऱ्यानं खाली 'पाठ छान झाला' असं लिहिलं तर आम्ही वही परत करतो. किती प्रश्न 'हो' किंवा 'नाही'वर संपले ते लिही. प्रश्न विचारल्यावर पाठ घेणारी किती थांबली ते लिही. मागच्या बाकाकडे नजर गेली का? इतकं सगळं बजावणारे आम्हीच समारंभाच्या आठवड्यात 'उपक्रमशील व गुणी छात्राध्यापिका' एवढं लिहून मोकळे होतो.

मी मानपत्र पाठनिरीक्षणाच्या वहीतून लिहू लागले ते एका मुलीमुळे. बी.एड. दोन वर्षांचं झाल्यापासून दुसऱ्या वर्षात सोळा आठवड्यांची सलग आंतरवासिता असते. ही मुलगी एका मराठी शाळेत सहावीच्या वर्गावर होती. अपूर्णांकांची तुलना चालली होती. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? एक मुलगा ठामपणे उठून म्हणाला, "एक चतुर्थांश. तीनापेक्षा चार मोठे." या ठिकाणी पोरं हमखास अडकतात, कारण पूर्ण संख्यांचा पाठ झालेला नियम ती इथेही लावतात. नवखा शिक्षक अशा वेळी "चूक, बस खाली" म्हणतो, नाहीतर अंश सारखा असेल तर मोठ्या छेदाचा अपूर्णांक लहान, असं फळ्यावर लिहून पुढे जातो.

तिनं टाचण टेबलावर ठेवलं. वहीच्या कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या कापल्या. एक त्या मुलाला दिली, "चौघांत वाट." दुसरी शेजारच्या मुलीला, "तू तिघांत." चाराच्या घड्या झटकन पडल्या. तिनाच्या काही केल्या जमेनात. एक भाग लहान व्हायचा, उलगडायचा, पुन्हा दुमडायचा. वर्ग हसायला लागला, घंटा जवळ आली, टाचणातले निम्मे मुद्दे तसेच राहिले, आणि ही शांतपणे उभी. अखेर तुकडे एकावर एक ठेवून तो मुलगाच म्हणाला, "जास्त जण आले की वाटा बारीक होतो." तिनं मान डोलावली आणि त्याचं वाक्य, जसंच्या तसं, फळ्यावर लिहिलं.

निरीक्षण तक्त्याच्या हिशेबात तो पाठ अपुरा होता. माझ्या वहीत मात्र शेरा होता: 'उत्तर सांगितलं नाही. वाट पाहिली.' वर्षाअखेरीस तिचं नाव गौरवाच्या यादीत आलं ते टक्केवारीमुळे. मानपत्रात मी दोन कागदी पट्ट्या लिहिल्या, टक्केवारी शेवटच्या ओळीत गेली. नाव बदलून पाहिलं, कुणालाच बसेना.

गुणवंत विद्यार्थ्यांच्या बाबतीत आणखी एक मोह असतो, आणि तो मला विशेषणांपेक्षा वाईट वाटतो. 'शेतमजुराच्या घरी जन्मलेली', 'आईनं धुणीभांडी करून शिकवलेला'. सूत्रसंचालकाला हे आवडतं, कारण सभागृह हमखास टाळ्या देतं. पण तो मुलगा तिथे वर्गमित्रांसमोर उभा असतो आणि त्याच्या घराची झडती माइकवर चाललेली असते. त्यानं स्वतः सांगायला सांगितलं असेल तरच लिहावं. गरिबी ही त्याची कामगिरी नव्हे. सेट पास झाला ती कामगिरी, आणि पहाटे चार ते सात अभ्यास करून सातला कामावर जात असेल तर तीही.

शिक्षकाला शाल पांघरवण्याची आपली रीत जुनी आहे. 16 नोव्हेंबर 1852 रोजी पुण्यात विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीराव फुले यांचा मुलींच्या शाळांबद्दल शाल देऊन सत्कार झाला. त्या शाळांत शिकवणाऱ्यांमध्ये सावित्रीबाई होत्या. शाल एकाच्याच खांद्यावर पडते आणि काम सहसा एकट्याचं नसतं, हे मानपत्र लिहिणाऱ्यानं ध्यानात ठेवलेलं बरं.

म्हणून कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या मानपत्रावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते. त्यांच्या वाट्याला ठरलेली जोडी येते: प्रामाणिक आणि मनमिळाऊ. आमच्या एक लिपिकबाई आहेत. बी.एड.ला येणाऱ्या बायकांपैकी कितीतरी लग्न झालेल्या. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज तिथेच अडकतो, आणि कळतं तेव्हा मुदत टळलेली असते. या बाई प्रवेशाच्या दिवशीच दोन्ही कागद शेजारी ठेवतात. नावं जुळत नसली की राजपत्रात नावबदल कसा करायचा ते त्याच खुर्चीत बसवून समजावतात. जातपडताळणी कुणाची राहिली, नॉन-क्रिमीलेअर कुणाचं संपत आलं, याची त्यांची वेगळी वही आहे. शिष्यवृत्ती न मिळाल्यानं कुणी मधेच शिक्षण सोडलं असतं, तर ती विभागाच्या निकालात नुसती गळती म्हणून दिसली असती. 'मनमिळाऊ' या शब्दात यातलं काय मावणार?

प्राध्यापकांच्या मानपत्रांना वेळ लागत नाही. त्यांची माहिती त्यांनीच पाठवलेली असते, आणि भरपूर असते. पदोन्नतीचे तक्ते आणि नॅकचे अहवाल यांनी आम्हाला प्रत्येक चर्चासत्राचं प्रमाणपत्र जपायला शिकवलंय. हल्ली पुष्पगुच्छ देतानाचा फोटोसुद्धा जिओटॅगसह लागतो. त्यामुळे कुणाचं काम नोंदीवाचून राहत नाही, हा फायदा मान्य. पण तक्त्यात 'किती' विचारतात, 'काय' नाही.

राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी 2018 पासून शिक्षकांनी स्वतःच अर्ज करायचा असतो. आमचे जुने विद्यार्थी तो भरायला बसले की फोन करतात, "मॅडम, स्वतःबद्दल कसं लिहायचं?" संकोच खरा असतो. मी म्हणते, विशेषण एकही नको, क्रियापदं लिही. काय केलंस, कोणासाठी, मग काय झालं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलरचं बक्षीस, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटली. या वाक्याला 'दिलदार' जोडून बघा. वाक्य उणंच होतं.

मानपत्र ऐकायचं असतं, हे लिहिणारे विसरतात. पंखे फिरत असतात, माइक घरघरतो, पाहुण्यांना गाडी गाठायची असते. मी दीड मिनिटाच्या वर जात नाही, आणि एका दमात वाचून होणार नाही असं वाक्य ठेवत नाही. छपाईआधी ज्याचं त्याला वाचून दाखवते. तारखा, पदं, नावाचं शुद्धलेखन तिथेच दुरुस्त होतं, आणि नको असलेलं बाहेर जातं. यंदा लिपिकबाईंच्या मजकुरात आमच्या एका सरांनी मधेच 'अहोरात्र' घालून ठेवलं होतं. बाईंनी चष्मा लावला, शब्दावर बोट ठेवलं. "मॅडम, हे काढा. मी पाच बावन्नची लोकल धरते, सगळ्या विभागाला माहीत आहे." काढलं. तिथे 'कार्यालयीन वेळेत' असं घातलं, आणि सरांना अजून सांगितलेलं नाही.