पलिष्ट्यांनी निदान माती टाकली होती

उत्पत्तीच्या 26व्या अध्यायात इसहाक आपल्या बापाच्या विहिरी पुन्हा उकरतो. अब्राहामाच्या मरणानंतर पलिष्ट्यांनी त्या मातीने बुजवल्या होत्या. इसहाक त्या मोकळ्या करतो आणि बापाने ठेवलेलीच नावे त्यांना परत देतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात हा उतारा आपण बहुधा घाईने उरकतो, कारण याकोबाने आशीर्वाद कसा पळवला ही गोष्ट पुढे वाट पाहत असते. आमच्या धर्मग्रामाला मात्र यंदा तो महिनाभर पुरला.

बेळगाव हे विहिरींचे गाव. 1924 साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा त्यासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर आजही ‘काँग्रेस विहीर’ म्हणूनच ओळखली जाते. पुढे राकसकोपचे आणि हिडकलचे पाणी नळाने घरात आले आणि विहिरींकडे पाठ फिरली. आमच्या चर्चच्या मागच्या दगडी विहिरीचेही तेच झाले.

1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ. त्यात ही विहीर साफ करायची असे ठरले. युवक मंडळच आत उतरेल, सेवा होईल आणि पैसेही वाचतील, असे एकाने सुचवले. फादरांनी साफ नकार दिला. वापरात नसलेल्या विहिरीच्या तळाशी विषारी वायू साचतो, प्राणवायू कमी असतो. माणूस हाक मारायच्या आत कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. म्हणून हे काम येणारी माणसे बोलावली, पाणी उपसले, आत वारा सोडला, कमरेला दोर बांधला. पूर्ण मजुरी द्यायची म्हणून वर्गणी काढली. मला विचाराल तर, सगळ्या कार्यक्रमातला हाच भाग सर्वांत ख्रिस्ती होता.

मग वर काय आले? बाटल्या, पिशव्या, एक चप्पल. हे अपेक्षितच होते. पण त्यानंतर पाटीमागून पाटी जे येत राहिले ते आपलेच होते, बंधुभगिनींनो. वेदीवरची प्लॅस्टिकची फुले, तुटलेल्या जपमाळा, फ्रेमसकट पवित्र हृदयाची तसबीर, हात मोडलेला संत अंतोनी, नाताळच्या गोठ्याचे थर्माकोल. पलिष्टी कुठेच दिसेनात.

काठावर उभ्या असलेल्या एका आजींना कुणीतरी बोलले, तर त्या म्हणाल्या, “अगं टीचर, देवाचं ते. केराच्या डब्यात टाकायला मन होतंय काय?” यावर काय उत्तर देणार? त्यांची श्रद्धा खरीच होती. शेजारच्या गल्लीतले लोक नदीत निर्माल्य सोडतात, त्यांचेही मन असेच असते.

खरे तर ख्रिस्तसभेची यासाठी जुनी रीत आहे. आशीर्वादित वस्तू झिजली, मोडली, तर ती जाळावी किंवा जमिनीत पुरावी. झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळूनच राखेच्या बुधवारची राख होते. पण ही रीत पडली तेव्हा वस्तू लाकडाच्या, कापडाच्या, मातीच्या होत्या. प्लॅस्टिकची जपमाळ जाळली तर विषारी धूर. पुरली तर नातवंडांना जशीच्या तशी सापडेल. जिला नीट निरोप देता येत नाही, ती वस्तू आशीर्वादासाठी वेदीपुढे आणावीच का? पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ‘लाउदातो सी’ या पत्रात प्लॅस्टिक टाळणे, पाणी जपून वापरणे, कचरा वेगळा करणे अशी अगदी घरगुती कामे गणली आहेत. ती वाचताना मला आता देव्हाऱ्यातली फुले आठवतात.

सजावटीच्या थर्माकोलवर तर 1 जुलै 2022पासून देशभर बंदीच आहे. तरी दुकानात मिळते आणि आपण आणतो.

आता पागोळ्यांचे पाणी विहिरीत सोडायचे आहे. वर्गातल्या मुलांना गणित घातले: शंभर चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी किती? शंभर लिटर. मुले ओरडलीच. पहिल्या पावसाचे धुणे बाहेर सोडून, मग खडी आणि वाळूतून गाळून ते आत जाईल. तूर्त हे पाणी बागेला आणि फरशी धुवायला. तपासल्याशिवाय पिणार कुणी नाही.

8 सप्टेंबरला, मरिया मातेच्या जन्मदिनी, एका कुटुंबाने प्लॅस्टिकच्या फुलांची महागडी कमान आणली. नवस होता. ती लावायची की नाही यावरून बरेच वाजले आणि अजून दोन घरे एकमेकांशी बोलत नाहीत. इसहाकानेही नव्या खोदलेल्या दोन विहिरींना एसेक आणि सितना, म्हणजे भांडण आणि वैर, अशी नावे दिली होती. मोकळ्या जागेची रहोबोथ त्यानंतर आली.

यंदाच्या गोठ्याला भाताचा पेंढा आणि जुनी पोती. पेंढा कडोलीकडून येणार आहे. विहिरीच्या तोंडावर जाळी बसवायची राहिली आहे, तिचे माप घ्यायला लोहार शनिवारी येतो म्हणालाय.