जागा राखणारी माणसं

टेंबलाईच्या टेकडीच्या अंगाला टीए बटालियनचं आवार आहे. आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेला पंचगंगेचं नवं पाणी घेऊन, पी ढबाक वाजवत निघालेल्या गल्लोगल्लीच्या मिरवणुका याच टेकडीवर येतात. नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखीही त्र्यंबोलीच्या भेटीला इथंच येते. ‘प्रादेशिक सेना’ म्हटलं तर कोल्हापूरचा माणूस क्षणभर विचारात पडेल, पण ‘टीए’ म्हटलं की कुठलाही रिक्षावाला थेट दारात नेऊन सोडतो. १०९ टीए बटालियन, मराठा लाइट इन्फन्ट्री, हे तिचं पूर्ण नाव. भरती निघाली की शेजारच्या राज्यांतूनही पोरं येतात आणि पहाटेच्या अंधारात सोळाशे मीटर धावतात.

या मुलखाला लष्कर परकं नाही. संस्थानाची राजाराम रायफल्स विलीनीकरणानंतर मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेली. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीला तर लोक सैनिक टाकळी म्हणूनच ओळखतात, इतकी माणसं तिथून फौजेत गेली. पण टाकळीचा फौजी आणि टीएचा जवान यांच्या आयुष्याची घडण निराळी. फौजी एकदा घर सोडून जातो, गाव त्याला निरोप देतं आणि निवृत्त होऊन आला की हार घालतं. टीएचा जवान जातो, येतो, पुन्हा जातो. त्याला निरोप द्यायची सवय घरालाही लागत नाही आणि गावालाही. आज चौकात दिसला, पुढच्या महिन्यात दिसला नाही, एवढंच.

१९४८ साली टेरिटोरियल आर्मीचा कायदा झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी सी. राजगोपालाचारींच्या हस्ते या सेनेचं उद्घाटन झालं. नागरिकानं आपला व्यवसाय सांभाळायचा, वर्षातला काही काळ गणवेश चढवून शिकलेलं घोटायचं आणि देशाला गरज पडली की हजर व्हायचं, अशी ही कल्पना. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत हे लोक होते. वयाची मर्यादा १८ ते ४२. नेमक्या याच वर्षांत माणूस शिकतो, नोकरी धरतो, लग्न करतो, घर बांधायला काढतो. म्हणजे आयुष्यातली सगळी जड कामं आणि ही सेवा एकाच वेळी उचलायची.

आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा कुणी बोलून दाखवत नाही. ही पूर्णवेळ नोकरी नव्हे, हे टीए स्वतःच स्पष्ट सांगते. अधिकारी व्हायचं तर पदवी हवीच, शिवाय कमाईचा स्वतःचा मार्ग हवा. पायदळाच्या बटालियनला वर्षाकाठी साधारण दोन महिन्यांचं प्रशिक्षण असतं आणि पगार-भत्ते गणवेशात असतील तेवढ्याच काळाचे. पेन्शनसाठी जवानाची प्रत्यक्ष सेवा पंधरा वर्षं भरावी लागते, अधिकाऱ्याची वीस. मधल्या काळात घरी असताना जे दिवस गेले, ते त्यात येत नाहीत. थोडक्यात, तुझं दुसरं आयुष्य भक्कम असू दे, असं ही सेवा जवानाला पहिल्याच दिवशी बजावते. मग त्याचं शिक्षण ही हौस कशी म्हणायची? नियमित फौजेतला जवान पदवी पाच वर्षांनी घेऊ शकतो, त्याची चूल तोवर चालू असते. टीएच्या जवानाला तशी सोय नाही. त्याच्या शिक्षणात आपण अडथळा आणला तर ज्या पायावर ही सेना उभी आहे त्यालाच धक्का देतो, असं मला पक्कं वाटतं.

मी कोल्हापुरात अर्थशास्त्र शिकवतो. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता, करवीर तालुक्यातला. बारावीनंतर टीएत लागला आणि मग बी.ए.ला आला. वर्गातल्या इतरांपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा, त्यामुळे कुणी त्याला नावानं हाक मारत नसे, सगळे ‘दादा’च म्हणत. एकदा सत्राच्या ऐन मध्यावर तो स्टाफरूमच्या दारात उभा राहिला.

“सर, बोलावणं आलंय. सोमवारी हजर व्हायचंय.”

“आणि परीक्षा?”

“तेच विचारायला आलोय.”

मी त्याला सगळ्या नोट्स मोबाईलवर पाठवतो म्हणालो. तो म्हणाला, “पीडीएफ नको सर, झेरॉक्स द्या. तिथं फोनचं काही खरं नसतंय.” दुसऱ्या दिवशी झेरॉक्सचा गठ्ठा न्यायला आला तेव्हा त्याच्याकडे खताच्या पोत्याच्या आतलं प्लॅस्टिक होतं, धुऊन वाळवलेलं. त्यात त्यानं कागद घातले, चारी कडा आत दुमडल्या, सुतळीनं बांधले आणि वरून बोटानं दाबून बघितलं, हवा राहिली नाही ना. राष्ट्रीय उत्पन्नाची प्रकरणं इतक्या काळजीनं बांधलेली मी कधी पाहिली नव्हती. तो परत आला तेव्हा समासात पेन्सिलीनं प्रश्न लिहिलेले होते आणि त्यातले काही असे होते की मला पुस्तक काढून बसावं लागलं.

पुढं त्याच्या घरी जाणं झालं. ऊसपट्ट्यातलं घर, दारात दोन म्हशी. शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीची. तो असला की रात्री उसाला पाणी पाजायला तो जातो. नसला की धाकटा भाऊ जातो, बॅटरी आणि काठी घेऊन, सरीत दारं मोडत बसतो आणि सकाळी आयटीआयच्या वर्गात डुलक्या देतो. डेअरीला दूध घालायला आई जाते. ऊस तुटायला आला की साखर कारखान्याच्या चिटबॉयच्या मागं लागायचं काम वडिलांवर येतं, आणि त्यांचे गुडघे दुखतात. आईनं चहा देताना म्हटलं, “त्यो गेला की हितं आमचा कॅम्प सुरू हुतोय, सर.” तक्रारीचा सूर नव्हता. रोजच्या कामाबद्दल बोलावं तसं ती बोलली.

त्या घरात बसल्यावर मला या सेवेचा हिशेब नीट कळला. एक माणूस सीमेवर किंवा कॅम्पवर जातो तेव्हा मागं तीन-चार माणसं त्याची जागा धरून उभी असतात. ती त्याचं काम करतात, पण त्याची जागा घेत नाहीत. तो आला की काठी परत त्याच्या हातात देतात. ही राखलेली जागा नसेल तर कुणीही दुसऱ्यांदा जाणार नाही.

कायदा करणाऱ्यांना हे कळलेलं होतं. टेरिटोरियल आर्मी कायद्याचं ७-अ हे कलम त्यासाठीच आहे. लष्करी सेवेसाठी बोलावलेला माणूस परत आला की मालकानं त्याला पुन्हा कामावर घ्यायचं, आणि मधे खंड पडला नसता तर ज्या अटी मिळाल्या असत्या त्यापेक्षा कमी अटींवर नाही. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या छोट्या फाउंड्रीच्या मालकाला, ज्याच्याकडे मोजकेच कामगार आहेत, हे सोपं नाही. त्याची अडचण मी नाकारत नाही. तरीही कायदा त्याला सांगतो की जागा राख, आणि ते योग्यच सांगतो.

पण त्या कलमात मालक आहे, कॉलेज नाही. विद्यार्थ्याच्या सत्राचं, प्रवेशाचं, हजेरीचं काय, यावर ते बोलत नाही. मग जवानाचा अर्ज कुठल्या रकान्यात बसवायचा हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर जातं. माझ्या ओळखीच्या एका कॉलेजात अशा मुलाच्या बोलावण्याच्या पत्रावर ‘वैद्यकीय दाखला जोडावा’ असा शेरा मारून अर्ज परत आला होता. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याच्या छापील नमुन्यात गैरहजेरीची दोनच कारणं होती, आजारपण आणि क्रीडास्पर्धा. मुलगा धडधाकट होता, म्हणून तर त्याला बोलावलं होतं.

विद्यापीठ पातळीवर खेळणाऱ्याला सवलत मिळते, एनसीसीच्या कॅम्पला गेलेल्या कॅडेटलाही मिळते, आणि ती मिळायलाच हवी. २०२१ पासून तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सूचनेनुसार एनसीसी हा श्रेयांक असलेला ऐच्छिक विषय म्हणून घेता येतो. सैनिक होण्याची पूर्वतयारी आपण गुणपत्रिकेत धरायला लागलो. जो मुलगा प्रत्यक्ष सैनिक झाला त्याच्या वाट्याला मात्र एटीकेटी येते. एवढी विसंगती कुणाच्या नजरेला खुपू नये याचं मला वाईट वाटतं.

२०२५ च्या मे महिन्यात हा प्रश्न एकदम मोठा झाला. पहलगामच्या हल्ल्यानंतर ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झालं. ६ मे रोजी संरक्षण मंत्रालयानं लष्करप्रमुखांना टीएच्या प्रत्येक अधिकाऱ्याला आणि जवानाला बोलावण्याचे अधिकार दिले, आणि पायदळाच्या ३२ पैकी १४ बटालियन एम्बॉडी करायचं, म्हणजे पूर्णवेळ सेवेत घ्यायचं ठरलं. टीव्हीवर त्या दिवसांत धोनीचे गणवेशातले फोटो फिरत होते. तो टीएत मानद लेफ्टनंट कर्नल आहे आणि २०१९ साली तो काश्मीरमध्ये बटालियनबरोबर राहिलाही होता, त्याबद्दल आदरच आहे. माझ्या डोक्यात मात्र वेळापत्रक होतं. मे महिना आपल्याकडे परीक्षांचा. कुठल्या बटालियनला कधी आदेश येईल हे आम्हाला कळण्यासारखं नव्हतं, पण हॉल तिकीट आणि बोलावणं एकाच आठवड्यात हातात पडलेली मुलं देशात कुठंतरी असणारच. लढाई सत्र पाहून येत नाही. तेव्हा सत्रालाच थोडं वाकता आलं पाहिजे.

हे अशक्य नाही. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानं राखीव सैनिकाच्या नोकरीला संरक्षण दिलं, आणि पुढं २००८ साली उच्च शिक्षणाच्या कायद्यात अशी तरतूद केली की सेवेवर गेलेला विद्यार्थी परतला की कॉलेजनं त्याला होता त्याच शैक्षणिक दर्जावर पुन्हा प्रवेश द्यायचा. नोकरीनंतर शिक्षणाची जागाही राखायला हवी, हे त्यांना चौदा वर्षांनी सुचलं. आपल्याला पाऊणशे वर्षं होऊन गेली. आपल्याकडं अग्निवीरांसाठी इग्नूनं पदवीचा अभ्यासक्रम आखला, त्यात निम्मे श्रेयांक सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरले जातात. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशाच अडलेल्या लोकांना शिकवतं आहे. म्हणजे साधनं हाताशी आहेत. परंतु ‘मग तू बाहेरून परीक्षा दे ना’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. ज्या मुलाला वर्गात बसायचं आहे, प्रश्न विचारायचे आहेत, त्याला देशसेवेपायी वर्गाबाहेर का जावं लागावं?

शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढं जातीजातीच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांग लावली, तेव्हा त्यांच्यासमोरचा प्रश्न याच जातकुळीचा होता. मुलगा हुशार आहे, शिकायला तयार आहे, पण त्याच्या परिस्थितीमुळं शाळेच्या रीतीत बसत नाही. महाराजांनी मुलाला बदलायला सांगितलं नाही, शहरात त्याच्यासाठी जागा केली. त्याच शहरात आपण शिकवतो.

मागणी फार नाही. युनिटचं पत्र हेच गैरहजेरीचं पुरेसं कारण धरावं. बुडालेल्या पेपरची परीक्षा पुढच्या सत्रात, नापासाचा शिक्का न बसता व्हावी. आणि परतल्यावर त्याच वर्षात, त्याच शुल्कात प्रवेश मिळावा. आमच्या विभागाच्या बैठकीत मी हे तीन मुद्दे लिहून दिले आहेत. कला आणि वाणिज्य शाखेपुरतं ते जमेल असं बहुतेकांचं मत पडलं.

विज्ञानाचं कोडं मात्र सुटलेलं नाही, कारण प्रॅक्टिकल खताच्या पोत्याच्या प्लॅस्टिकमध्ये बांधून नेता येत नाही. रसायनशास्त्राचे माझे एक सहकारी म्हणतात, दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळा उघडली तर एकट्या मुलाचीसुद्धा सत्राची सगळी प्रॅक्टिकल्स दोन आठवड्यांत उरकतील. लॅब असिस्टंटची बदली रजा आणि बाहेरचा परीक्षक, एवढ्या दोनच गोष्टी कागदावर मंजूर करून घ्यायच्या आहेत.