अमरावतीचें नवोदय विद्यालय

प्रवासास निघालेल्या मनुष्याची ओढ कोणाची तीर्थांकडे असते, कोणाची गडकिल्ल्यांकडे, तर कोणाची थंड हवेच्या ठिकाणांकडे. आमची आवड थोडी निराळी आहे. सारा जन्म खडू हातांत धरण्यांत गेल्यामुळें म्हणा किंवा मूळच्या स्वभावामुळें म्हणा, परगांवीं गेलों कीं आमचीं पावलें तेथील शाळेकडे वळतात. देवळाचा कळस दुरून दिसतो. शाळेचें मर्म मात्र आंत शिरून मुलांच्या वह्या चाळल्यावांचून कळत नाहीं. मार्गशीर्षांत विदर्भांत जाण्याचा योग आला, तेव्हां अमरावतीचें जवाहर नवोदय विद्यालय पाहावयाचेंच, असा संकल्प आम्हीं निघण्यापूर्वींच सोडला होता.

त्यास कारणहि तसेंच होतें. कृष्णाकांठच्या ज्या खेड्यांत आमची नोकरी झाली, तेथून नवोदयच्या प्रवेशपरीक्षेस आम्हीं पुष्कळ वर्षें मुलें बसविलीं. निवड झालेलें मूल एके दिवशीं पत्र्याची पेटी घेऊन एस. टी. मध्यें चढे आणि वर्गांतली पुढची जागा रिकामी होई. तीं मुलें कोणत्या घरीं गेलीं, हें एकदां डोळ्यांनीं पाहावें, असें मनांत होतें. त्यांतून अमरावतीचें महत्त्व विशेष. देशांत आज साडेसहाशेंहून अधिक नवोदय विद्यालयें आहेत. पण १९८५-८६ सालीं प्रयोग म्हणून जीं पहिलीं दोन निघालीं, त्यांतील एक हरियाणांत झज्जर येथें आणि दुसरें अमरावतीस.

मुंबईहून रात्रीं निघालें कीं सकाळीं बडनेरें येतें. अकोला मागें पडल्यावर उजाडूं लागलें आणि खिडकीबाहेर काळीभोर जमीन व तीवर फुटलेला पांढरा कापूस दिसूं लागला. आम्हां पश्चिमेकडील लोकांस उसाची संवय. कापसाचें हें रान पाहून मोठें नवल वाटतें. ओट्यांत कापूस भरीत वांकलेल्या बायका गाडीकडे मान वर करून पाहातहि नव्हत्या. बडनेऱ्याहून अमरावतीस लहानसा फांटा जातो. शहरांत शिरतांच आम्हीं प्रथम अंबादेवीचें दर्शन घेतलें. श्रीकृष्णानें रुक्मिणीचें हरण केलें तें याच देवीच्या देवळांतून, अशी इकडे श्रद्धा आहे. रुक्मिणीचें माहेर कौंडिण्यपूर हें याच जिल्ह्यांत, वर्धा नदीच्या कांठीं.

अमरावती हें संस्थांचें गांव आहे. १९१४ सालीं निघालेलें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ येथलें. शिवाजीराव पटवर्धनांनीं कुष्ठरोग्यांसाठीं उभें केलेलें तपोवन येथलें. शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं श्री शिवाजी शिक्षण संस्था काढणारे आणि पुढें भारताचे कृषिमंत्री झालेले डॉ. पंजाबराव देशमुख याच जिल्ह्यांतील पापळ गांवचे. १९५६ सालच्या डिसेंबरांत ज्यांनीं देह ठेविला, त्या गाडगेमहाराजांची समाधिहि येथेंच आहे. घरांतलीं भांडीं मोडा, हातावर भाकरी घेऊन खा, पण पोराला शाळेंत घाला, असें हा अक्षरशत्रु साधु कीर्तनांतून सांगत हिंडला. अशा गांवांत नवोदयचें रोप प्रथम लावलें गेलें, हें आम्हांस फार शोभून दिसलें.

आतां ही शाळा आहे तरी कशी, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. आपल्याकडे मोठ्या निवासी शाळा नव्हत्या असें नाहीं. डेहराडूनचें डून विद्यालय १९३५ सालचें. परंतु अशा ठिकाणीं मुलाच्या बुद्धीबरोबर बापाची थैलीहि भरलेली असावी लागते. राजीव गांधी हे स्वतः त्या डून विद्यालयाचे विद्यार्थी. त्यांच्या कारकीर्दींत १९८६ चें राष्ट्रीय शैक्षणिक धोरण ठरलें आणि त्यांत, हुशार मुलांस, विशेषेंकरून खेड्यांतील मुलांस, ऐपतीचा विचार न करितां उत्तम शिक्षण द्यावें, या हेतूनें जिल्ह्यास एक याप्रमाणें अशीं सरकारी विद्यालयें काढण्याचें ठरलें. हिंदीच्या प्रश्नावरून तामिळनाडूनें तीं आपल्याकडे येऊं दिलीं नाहींत. बाकी देशभर तीं पसरलीं.

पांचवींत शिकणाऱ्या मुलास या परीक्षेस एकदांच बसतां येतें. दोन तासांत ऐंशीं प्रश्न; त्यांतले निम्मे आकृत्यांवरून बुद्धि पारखणारे, उरलेले अंकगणिताचे व भाषेचे. परीक्षा मातृभाषेंतून देतां येते. हजारों मुलांतून जिल्ह्यागणिक साधारणपणें ऐंशीं मुलें सहावींत घेतात. त्यांत किमान पाऊण हिस्सा खेड्यांतील मुलांचा आणि किमान एकतृतीयांश मुलींचा; अनुसूचित जाति-जमातींच्या व इतर मागासवर्गांच्या जागा राखून ठेविलेल्या. राहणें, जेवण, गणवेश, पुस्तकें हीं सरकारकडून. नववीपासून दरमहा ६०० रुपये विकासनिधि घेतात; पण मुली, अनुसूचित जाति-जमातींचीं मुलें व दारिद्र्यरेषेखालील कुटुंबें यांस तोहि माफ आहे.

आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांस हें वाचून काय वाटेल तें आम्ही जाणतों. आपल्यांतील कित्येक घराण्यांचे मूळपुरुष माधुकरी मागून किंवा वार लावून जेवून शिकले. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या, आणि एखाद्या वारीं कोठेंच नाहीं. अण्णासाहेब कर्वे कोंकणांतील मुरुडाहून घाट चढून परीक्षेसाठीं पायीं साताऱ्यास गेले, आणि वय लहान दिसतें म्हणून त्यांस परीक्षेस बसूंच दिलें नाहीं, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. त्या काळीं विद्येनें घरोघर हिंडून अन्न मागावें लागे. आणि वार लावून जेवण्याची सोयहि सर्व जातींच्या मुलांस नव्हती, हें विसरूं नये. आज सरकार आपण होऊन कापसाच्या रानांतून मूल शोधून आणतें व त्याचें ताट वाढतें, हा पालट आम्हांस लहान वाटत नाहीं.

आम्ही गेलों तो पालकभेटीचा रविवार होता. आधीं परवानगी मागितली होती, त्यामुळें एका तरुण शिक्षकांनीं अगत्यानें सर्व हिंडून दाखविलें. मुलांचीं चार कुलें असून त्यांस अरवली, नीलगिरि, शिवालिक व उदयगिरि अशीं पर्वतांचीं नांवें आहेत. देशांतल्या सर्व नवोदयांत हींच नांवें. प्रत्येक कुलास एक गृहप्रमुख. शिक्षक आवारांतच राहतात, म्हणून शाळा सुटली तरी गुरु सुटत नाहीं. पहाटे व्यायाम, मग प्रार्थना व वर्ग, संध्याकाळीं खेळ आणि रात्रीं शिक्षकांच्या देखरेखीखालीं अभ्यास. आरंभींच्या वर्गांत मातृभाषेंतून शिकविणें, पुढें गणित-विज्ञान इंग्रजींतून व सामाजिक शास्त्रें हिंदींतून, असा क्रम आहे. खोल्या साध्या. खाटेखालीं तीच पत्र्याची पेटी, जी आम्हीं इतक्या वेळां एस. टी. च्या टपावर चढतांना पाहिली होती. एका पेटीच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस बैलजोडीचें चित्र चिकटविलें होतें. कोणाचे बैल, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

भोजनगृहांत एक गंमत घडली. नववींतील सुमारें तीस टक्के मुलें एक वर्ष हिंदी प्रदेशांतील नवोदयांत राहावयास जातात आणि तिकडचीं इकडे येतात, असा येथें नियम आहे. उत्तरेकडून आलेली अशीच एक मुलगी वाढावयास होती. आम्ही नको नको म्हणत असतां ती चक्क वऱ्हाडींत म्हणाली, “घ्या ना गुरुजी, काहून लाजता?” पंगतींत हंशा पिकला. कित्येक व्याख्यानांनीं जें साधत नाहीं, तें एका पोळीच्या आग्रहानें साधलें होतें. सांदीपनींच्या आश्रमांत श्रीकृष्ण व सुदामा एकत्र शिकले असें आपण कथेंत सांगतों. येथें शेतमजुराची मुलगी आणि शिक्षकाचा मुलगा शेजारीं बसून एकच वरण जेवीत होतीं.

परंतु सगळेंच असें हंसरें नव्हतें. दुपारीं आवारांतील झाडांखालीं ठिकठिकाणीं कुटुंबें शिदोऱ्या सोडून बसलीं होतीं. दर्यापूर तालुक्यांतून आलेल्या एका माउलीनें आम्हांस “बसा गुरुजी” म्हणून बोलाविलें. भाकरी, ठेचा, झुणका व चार संत्रीं असा बेत होता. मुलगा सहावींतला, येऊन पांचसहा महिने झालेले. तो भराभर जेवला, आईस दोन शब्द बोलला आणि चेंडू घेऊन मित्रांकडे पळाला. ती त्याच्या पाठमोऱ्या मूर्तीकडे पाहात म्हणाली, “पयले रडे. आता रडत नाही. ‘मले’ म्हणत नाही, ‘मला’ म्हणते. मले त्याच्याबिगर करमत नाही, अन् त्याले आता घरी करमत नाही. हे चांगलं झालं का वाईट, तुम्हीच सांगा गुरुजी.”

इतक्या वर्षांत आम्हांस पुष्कळ प्रश्न विचारले गेले. पण इतका अवघड क्वचितच. उपनयन होऊन आठव्या वर्षीं बटु गुरुगृहीं जाई, हें सांगणें सोपें होतें. पण तो बटु परत येई तो आपल्या बापाच्याच विद्येंत व भाषेंत परत येई. हा मुलगा बारावी होऊन बाहेर पडेल तेव्हां तो मुंबईस किंवा दिल्लीस जाईल. दर्यापूरच्या त्या रानांत बहुधा यावयाचा नाहीं. आईच्या भाषेपासून एक अक्षर तर आतांच दूर गेलें. आम्ही उलट तिलाच विचारलें, “बाई, पुन्हां प्रसंग आला तर पाठवाल काय?” तिनें क्षणाचाहि विलंब न लावतां उत्तर दिलें, “त्याची धाकटी बहीण हाय ना, तिलेही बसवायचं हाय.” आमच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस मिळालें, तिच्या प्रश्नाचें मात्र आम्हीं दिलें नाहीं, आणि तिनेंहि पुन्हां विचारलें नाहीं. एक संत्रें सोलून हातांत ठेविलें.

परततांना मनांत आलेला दुसरा विचारहि वाचकांपुढें ठेवितों. ऐंशीं मुलें निवडलीं जातात; मग एक्याऐंशींव्याचें काय? त्याच्यांत व ऐंशींव्यांत एखाद्या प्रश्नाचें अंतर असेल. एकाच्या वाट्यास सात वर्षें ग्रंथालय, प्रयोगशाळा व क्रीडांगण. दुसरा त्याच गांवांत, त्याच फुटक्या फळ्यापुढें. द्रोणांनीं ज्यास घेतलें त्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. ज्यास परत पाठविलें तो एकलव्यहि त्याच महाभारतांत आहे. शिवाय आतां या परीक्षेसाठीं शिकवणीचे वर्ग निघाले आहेत. फी भरूं शकणाऱ्यांचीं मुलें आकृत्या घोटून येतात आणि ज्याच्यासाठीं हें दार उघडलें, तो उंबऱ्याशींच उभा राहतो.

म्हणून शाळा नसावी काय? आमचें मत तसें नाहीं. विहीर एकच आहे म्हणून ती बुजविण्यानें कोणाचीच तहान भागत नाहीं. मूळ धोरणांत या विद्यालयांनीं भोंवतालच्या शाळांस मार्गदर्शक व्हावें, अशी अपेक्षा होती. ती जेवढी पुरी होईल, तेवढें एक्याऐंशींव्याचें देणें फिटेल. निवडलेल्या मुलाच्या मनावरहि हें बिंबविलें पाहिजे कीं आपली जागा ही आपल्या एकट्याची कमाई नव्हे. मागें राहिलेल्या वर्गाचें तें आपल्यावरचें ऋण आहे. देवऋण, ऋषिऋण व पितृऋण अशीं तीन ऋणें आपण मानतों. त्यांत या चौथ्याची भर पडण्यास हरकत नसावी.

शेवटीं आमच्या वाचकभगिनींस व बंधूंस एक विनंती. या परीक्षेचा अर्ज भरण्यास शुल्क पडत नाहीं. मात्र तो आतां संगणकावरून भरावा लागतो आणि त्याची मुदत केव्हां निघून गेली, हें पुष्कळ आईबापांस कळतहि नाहीं. आपल्या मूळ गांवच्या शाळेंत, आपल्या शेतावर खपणाऱ्या कुटुंबांत, पांचवींतलें एखादें चलाख मूल असेल. त्याचा अर्ज वेळेवर भरून द्यावा, रविवारीं तासभर बसवून चार आकृत्या समजावून सांगाव्या. निवड झाली तर उत्तमच. न झाली तरी तो रविवारचा तास मात्र बंद करूं नये.